साबणाच्या बावीस वड्या

त्यांना लिटमस हे नाव नेमकं कुठल्या वर्गानं ठेवलं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. चौतीस वर्षांत कितीतरी वर्ग आले आणि गेले. नावामागचं कारण मात्र प्रत्येक वर्गाला पाठ होतं. हा असा लिटमस आहे की आम्लात बुडवा नाहीतर आम्लारीत, रंग म्हणून बदलायचा नाही. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही त्यांचा चेहरा तसाच होता, आणि प्रयोगशाळेच्या छताचा पोपडा नव्याकोऱ्या तराजूवर पडला तेव्हाही तसाच. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तराजू पुसला आणि नोंदवहीत लिहिलं, ‘पोपडा. एक.’

ते प्रयोगशाळा सहायक होते. शिकवायचं शिक्षकांनी; परीक्षानळ्या मांडायच्या, द्रावणं करायची, बाटल्या भरायच्या, फुटलेल्या काचा वेचायच्या आणि तास संपला की सगळं धुऊन पालथं घालायचं, हे त्यांचं काम. कुणी ‘सर’ म्हटलं की ते लगेच दुरुस्त करत, “सर आत आहेत. मी लॅबवाला.” निवृत्त झाले तेव्हा शाळेनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घेऊन झाल्यावर त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे आणखी एक वस्तू मागितली, आम्लारी दिसली की गुलाबी होणाऱ्या फेनॉल्फ्थॅलिनची अर्धी भरलेली बाटली. बाई हसल्या. म्हणाल्या, “हिचं घरी काय करणार?”

“असू द्या,” लिटमस म्हणाले.

घरात त्यांनी प्रत्येक डब्याला चिठ्ठी चिकटवलेली होती. मीठ, साखर, सुया, जुन्या किल्ल्या, ‘कशाच्या ते ठाऊक नाही’ अशा किल्ल्या. बायको म्हणे, “माझ्याच पाठीवर तेवढी चिठ्ठी लावायची राहिलीय.” ती बावीस वर्षं एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपड्यांवरचे डाग काढत होती. दुकानातल्या बाटल्यांनी कपडे स्वच्छ झाले आणि तिचे हात गेले. बोटांची पेरं चिरायची, थंडीत रक्त यायचं. मलमं झाली, मोजे झाले. शेवटी कुणीतरी तिला सांगितलं की बस डेपोमागच्या मैदानात शनिवारी बाजार भरतो, तिथं एक बाई घरी बनवलेला साबण विकते, तो लावून बघ.

बायकोनं एक वडी आणली. मातकट रंगाची, कडा जरा वाकड्या, साध्या कागदात गुंडाळलेली. किमतीचं तिनं सांगितलं नाही आणि लिटमस यांनी विचारलं नाही. पण चष्मा लावून कागद मात्र वाचला. ‘शंभर टक्के नैसर्गिक. हातानं बनवलेला. केमिकलविरहित.’

“हे खोटं आहे,” ते म्हणाले.

“काय खोटं आहे?”

“केमिकलविरहित. कॉस्टिक सोडा घातल्याशिवाय साबण होतच नाही. कॉस्टिक काय फुलं आहेत?”

“मग मला कशाला सांगताय? जाऊन तिला सांगा.”

बायकोनं हे वैतागून म्हटलं होतं. पण पुढच्या शनिवारी लिटमस खरंच गेले.

साबणवाली पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची बाई होती. घडीच्या टेबलावर वड्यांचे दोन ढीग होते, एक खोबरेलाच्या पांढऱ्या वड्यांचा आणि एक तिळाच्या तेलाच्या मातकट वड्यांचा. कमरेला चामड्याची जुनी पिशवी आणि आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कांदे निवडणाऱ्या माणसानं मान वर करावी. चौदा वर्षं ती बसमध्ये कंडक्टर होती. गुडघ्यांनी उभं राहायचं नाकारलं तेव्हा नोकरी सोडली, आणि बहिणीकडून शिकलेला साबण घरात करायला लागली. बाजारात तिला सगळे कंडक्टरच म्हणत.

“यात कॉस्टिक घालता ना?” लिटमस यांनी विचारलं.

“घालते की. त्याशिवाय साबण कसा होईल?”

“मग केमिकलविरहित कसा?”

“अहो काका, शेवटी उरत नाही ते. तेलात मुरतं सगळं.”

“उरत नाही हे बरोबर. घातलं नाही हे खोटं. कागदावर दुसरं लिहिलंय.”

मागं चार-पाच माणसं खोळंबली होती. कंडक्टरनं सवयीनं आवाज चढवला, “काका, पुढं सरका, मागच्यांना येऊ द्या!” लिटमस दोन पावलं पुढं सरकले आणि तिथंच उभे राहिले. वीस मिनिटांनी गर्दी ओसरली तेव्हा तिनं वळून पाहिलं.

“अजून आहातच?”

“उत्तर मिळालं नाही.”

ती आधी त्यांच्याकडे बघत राहिली, मग एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारचा कंगवेवालाही हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. पुढच्या शनिवारी तिच्या प्रत्येक कागदावरचा तो शेवटचा शब्द निळ्या पेनानं खोडलेला होता. लिटमस यांनी ढिगातले सात-आठ कागद उलटून खात्री केली आणि दोन वड्या विकत घेतल्या. उभ्या आयुष्यात स्वतः जाऊन साबण घेण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

मग दर महिन्याला दोन वड्या ठरूनच गेल्या. बायकोचे हात सुधारले. ती म्हणे, साबणानं सुधारले. लिटमस म्हणत, थंडी संपली म्हणूनही असेल. ती म्हणे, असेल, पण साबण तोच आणा.

एकदा कंडक्टरनं त्यांना घरी बोलावलं, साबण कसा होतो ते बघायला. मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल, स्टीलची दोन पातेली, तराजू, लाकडी साचे आणि भिंतीला लाकडाच्या फळ्या. त्यांवर कापलेल्या वड्या ओळीनं सुकत ठेवलेल्या. नवी वडी पाच-सहा आठवडे तशीच ठेवायची, घाई करायची नाही, असं तिनं सांगितलं. विकायला काढण्याआधी प्रत्येक घाण्यातली, म्हणजे एका वेळी केलेल्या वड्यांतली, एक वडी जिभेच्या टोकाला लावून बघायची. झिणझिणी आली तर कॉस्टिक उरलंय, नाही आली तर साबण तयार. लिटमस यांनी हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी सगळं पाहून मान हलवली. मग त्यांची नजर टेबलाखालच्या दोन प्लास्टिकच्या जगांवर गेली. दोन्ही सारखेच, पांढरे.

“हे कशाचे?”

“कॉस्टिकच्या पाण्याचे. एक खोबरेलाच्या घाण्याचा, एक तिळाच्या. खोबरेल जास्त कॉस्टिक मागतं, तीळ कमी.”

“चिठ्ठ्या नाहीत.”

“मला माहिताय कुठला कुठला ते.”

लिटमस यांनी खिशातून पेन काढलं होतं. ते त्यांनी परत खिशात ठेवलं. दुसऱ्याच्या घरात आपण किती बोलायचं, याची त्यांना समज होती.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, बायको ओले हात पुढं धरून न्हाणीघरातून बाहेर आली. “अहो, आज साबण झोंबतोय.”

कालच्याच बाजारातली तिळाची वडी होती. लिटमस यांनी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिली. एका कोपऱ्याला पांढरी, ठिसूळ भुकटी दिसत होती. त्यांनी ती वडी जिभेच्या टोकाला लावली.

“शी! साबण चाटताय?”

जिभेला बॅटरीचं टोक लावल्यासारखा झटका बसला. त्यांनी तोंड धुतलं, बायकोला हात धुवायला लावले, एकदा, दोनदा, तीनदा. मग कपाटातून शाळेची बाटली काढली. वडीचा कीस स्पिरिटमध्ये विरघळवला आणि थेंब टाकला. नळी गडद गुलाबी झाली.

“चांगला रंग आलाय,” बायको म्हणाली.

“वाईट आलाय,” लिटमस म्हणाले आणि चपला घातल्या.

कंडक्टर घरीच होती. गुलाबी नळी बघून ती आधी तडकलीच. “अहो काका, पाण्यात घातला तर माझा कुठलाही साबण गुलाबी होईल. साबणच आहे तो, दही नाही!”

“हे पाणी नाही. स्पिरिट आहे. स्पिरिटमध्ये चांगला साबण रंग दाखवत नाही. मोकळं कॉस्टिक उरलं असलं तरच दाखवतो.” त्यांनी कागदातली वडी पुढं केली. “तुम्हीच बघा.”

तिनं जीभ लावली. लगेच मागं ओढली.

“विकायच्या आधी बघितली नव्हती?”

“तोंड आलं होतं हो त्या आठवड्यात. पाणी पितानासुद्धा डोळ्यांतून पाणी यायचं. म्हटलं, दोन दिवसांनी बघू. मग राहूनच गेलं.”

“हा घाणा केला त्या दिवशी आणखी काय केलं होतं?”

“खोबरेलाचा घाणा.” असं म्हणता म्हणताच ती उठली आणि फळीकडे गेली. खोबरेलाच्या वड्या सहा आठवडे झाले तरी घट्ट झाल्या नव्हत्या. बोट दाबलं की खड्डा पडत होता. तिनं हवेला दोष दिला होता.

लिटमस टेबलाखाली वाकले. दोन पांढरे जग शेजारी शेजारी उभे होते. त्यांनी आधी एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. तेवढ्यावरून तिला कळलं.

“भावाचा फोन आला होता,” ती म्हणाली. “जग उचलले होते, खाली ठेवले, बोलले, परत उचलले. तिळाचं खोबरेलात गेलं, खोबरेलाचं तिळात.” आणि ती स्टुलावर बसली. एरवी गुडघ्यांमुळे ती टेकत टेकत बसायची. त्या दिवशी एकदम बसली.

तिळाच्या घाण्यात तीस वड्या झाल्या होत्या. फळीवर आठ होत्या. म्हणजे कालच्या एका दिवसात बावीस गेल्या, त्यातली एक ही. एकवीस वड्या लोकांच्या घरात होत्या.

“शनिवारी टेबलावर पाटी लावते,” ती म्हणाली. “कालच्या तिळाच्या वड्या वापरू नका, परत आणा म्हणून.”

“शनिवारला सहा दिवस आहेत. लोक रोज अंघोळ करतात.”

“मग काय करू? दवंडी पिटू?”

“घरी जायचं.”

“कुणाकुणाच्या? बाजार आहे तो काका, माणसं येतात, घेतात, जातात.”

“कोण कोण आलं ते आठवतं का?”

या प्रश्नावर तिच्यातली जुनी कंडक्टर जागी झाली. चौदा वर्षं तिनं भरलेल्या बसमध्ये तिकीट कुणी काढलं आणि कुणी नाही, हे चेहऱ्यावरून ओळखलं होतं. शिवाय तिची निम्मी गिऱ्हाइकं तिचे जुने प्रवासीच होते. नावं तिला ठाऊक नव्हती. पण कोण कुठल्या थांब्यावर उतरतं ते ठाऊक होतं. लिटमस यांनी कागद काढला आणि ती सांगत गेली. उंच चष्मेवाला, तळ्याच्या थांब्यावरचा, एक वडी. दोघी जावा, भांडत बोलतात, वाचनालयाच्या थांब्यावरच्या, दोन. गॅरेजवाला, पुलाखालचा, तीन. पाण्याच्या टाकीपाशी उतरते ती नकाशांच्या कचेरीतली बाई, एक. असं करत पंधरा माणसं झाली, एकोणीस वड्या. उरलेल्या दोन एकाच माणसानं घेतल्या होत्या. हातात सुटकेस, डाव्या भुवईवर व्रण, घाईत होता. तो कुठल्याच थांब्याचा नव्हता.

तिनं पिशवीत खोबरेलाच्या जुन्या, चांगल्या घाण्यातल्या वड्या भरल्या, बदली द्यायला, आणि दोघं निघाले. बसमध्ये शेजारी बसल्यावर ती म्हणाली, “काका, तुम्ही कशाला येताय? साबण माझा, चूक माझी.”

लिटमस खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी सांगितलं ते अगदी नोंदवहीतलं वाचून दाखवावं तसं सांगितलं. नोकरीच्या नवव्या वर्षी त्यांनी एका बाटलीत तीव्र आम्ल भरलं. चिठ्ठी लावणार, तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, म्हणून ते डबा खायला गेले. आठवीतल्या एका मुलीनं पाणी समजून ती बाटली उचलली. दोन बोटं भाजली. चौकशीत लिहिलं गेलं, विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा. तिला वर्गासमोर उभं करून समज दिली गेली. लिटमस दारात उभे होते.

“तुम्ही बोलला नाहीत?”

“नाही. तिचं घर माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर होतं. वर्षभर रोज दोनदा दारावरून गेलो. आत गेलो नाही.”

“किती वर्षं झाली?”

“अठ्ठावीस.”

“आता कुठं असते ती?”

“ठाऊक नाही. पुढच्या वर्षी तिनं शाळा बदलली.”

कंडक्टरनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं काही बदललेलं नव्हतं. थोड्या वेळानं ती उठून दांड्याला धरून उभी राहिली. “चला. पुढचा थांबा आपला.”

रविवारचा उरलेला दिवस, सोमवार आणि मंगळवार असे तीन दिवस ते थांब्याथांब्यावर उतरून, दुकानदारांना वर्णन सांगून घरं विचारत फिरले. चष्मेवाल्यानं वडी वापरलीच नव्हती. कपड्यांना वास लागावा म्हणून कपाटात ठेवली होती. दोघी जावांनी एक वडी अर्धी अर्धी कापून घेतली होती आणि दुसरी कुणाकडे आहे यावरून पाहुण्यांसमोरच त्यांच्यात जुंपली. ती वडी शेवटी दोघींच्या सासऱ्याच्या खोलीत निघाली. एका घरात त्यांना फुकट वड्या वाटणारे समजून शेजारच्या तीन बायका भांडी घासायची सोडून धावत आल्या.

गॅरेजवाला मात्र वड्या द्यायलाच तयार होईना. “ताई, दहा वर्षांत पहिल्यांदा हे हात स्वच्छ झालेत! ग्रीस असं निघतं की बघत राहावं. तुम्ही असलाच बनवा, मी सगळा घेतो.”

“कातडं निघतंय ते, ग्रीस नाही,” लिटमस म्हणाले. “हात दाखवा.”

त्यानं दाखवले. तळवे लाल, बोटांच्या बेचक्यांतली साल सुटलेली.

“झोंबतं थोडं. पण काम करतो.”

“हत्यारं धुवायला वापरा हवं तर. हातमोजे घालून.”

“हातमोजे घालायचे तर मग हात धुवायचे कशाला?” हे त्यानं इतक्या गंभीरपणे विचारलं की कंडक्टरला तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. दोन वड्या त्यानं परत दिल्या. तिसरीसाठी अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी त्याच्या बायकोनं आतून येऊन ती त्याच्या खिशातून काढून दिली.

मंगळवारी दुपारी जायचं एकच घर उरलं, पाण्याच्या टाकीपाशी उतरणाऱ्या नकाशांच्या कचेरीतल्या बाईचं. दोनदा तिच्या दाराला कुलूप मिळालं होतं. या वेळी दार उघडं होतं. ती पन्नाशीची, बारीक, केस घट्ट बांधलेली बाई होती, अर्ध्या दिवसाच्या रजेवर घरी आलेली. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून पलंग आणि पलंगावर तिची आई. दीड वर्षापासून अंथरुणावरच होती. मुलगी कचेरीत असताना शेजारीण किल्लीनं दार उघडून तिची कूस बदलून जाई. उशाशी भिंतीवर एक तक्ता लावला होता, नकाशावरच्यासारख्या सुबक अक्षरांत: किती वाजता डावी कूस, किती वाजता उजवी. प्रत्येक वेळेपुढं खूण. रविवारी दोन ठिकाणी खूण नव्हती.

“साबण?” ती म्हणाली. “आईसाठीच घेतला मी. तिला तिळाचा वास आवडतो. का, काय झालं?”

कंडक्टरनं सांगितलं. तोंड आलं होतं तेही सांगितलं, जगांचंही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. बाई ऐकत होती आणि तिचा हात पलंगाच्या कठड्यावर होता. ऐकून झाल्यावर तिनं आईच्या पाठीवरची चादर बाजूला केली. पाठीवर, मांडीवर लाल चट्टे उठले होते. एका ठिकाणी कातडी ओली दिसत होती.

“परवापासून आहे,” ती हळू म्हणाली. “मला वाटलं, पडून पडून पाठीला जखमा व्हायला लागल्या. रविवारी मला डुलकी लागली होती दुपारी. कूस बदलायची राहिली दोन वेळा. मला वाटलं, त्यानंच...” तिनं लिटमस यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे माझ्यामुळे नाही हे?”

लिटमस वाकून बघत होते. खोटा दिलासा त्यांना देता येत नसे. “थोडं त्यानंही असेल, ते डॉक्टर सांगतील. पण ही लाली जिथं साबण लागला तिथं आहे. पोटावरही आहे. पोटावर त्या झोपत नाहीत ना?”

“नाही.”

“मग हे साबणानं.”

बाई पलंगाच्या कडेवर बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. आईनं मान वळवायचा प्रयत्न केला. “कोण आलंय गं?”

“साबणवाली आलीय आई.”

“हं. वास छान आहे हो त्याचा,” आई कंडक्टरच्या दिशेनं म्हणाली.

कंडक्टर भिंतीला टेकली. लिटमस यांनी तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून घेतलं. साबण अजिबात नको, नुसत्या कोमट पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवा, घासू नका, आणि डॉक्टरांना आजच बोलवा. बाईनं ते मान हलवत ऐकलं, डोळे पुसले आणि मग ती उठली. आता तिचा चेहरा वेगळा होता.

“तीन दिवस मी स्वतःला बोल लावतेय,” ती म्हणाली. “तीन दिवस! आणि तुम्हाला फोन आला होता म्हणे.” मोरीतून तिनं ती निम्मी झिजलेली वडी आणली आणि कंडक्टरच्या हातावर ठेवली. “निघा तुम्ही आता.”

कंडक्टरनं बदलीची वडी पिशवीतून काढलीच नाही. दोघं बाहेर पडले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती बसली. लिटमस दोन पायऱ्या खाली उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट मिळावी म्हणून ते भिंतीला चिकटले होते.

“ओरडली ते बरं झालं,” कंडक्टर म्हणाली. “त्या आधीचं सहन होत नव्हतं मला.”

“हो,” लिटमस म्हणाले.

डॉक्टर त्याच संध्याकाळी येऊन गेले. चट्टे दहा-बारा दिवसांत गेले. ओली जागा भरायला महिना लागला. कंडक्टर चौथ्या दिवशी चौकशीला गेली तेव्हा तिला दारातूनच उत्तर मिळालं. ती तरीही पुढच्या आठवड्यात गेली, आणि त्याच्या पुढच्या. एकदाही तिला आत बोलावलं नाही. आई त्यानंतर वर्षभर जगली. ती नकाशांवाली बाई बाजारात आजही येते, पण साबणाच्या टेबलाकडे येत नाही. कंडक्टरला त्याचं वाईट वाटतं. चूक मात्र वाटत नाही. “मी तिच्या जागी असते तर मैदानातसुद्धा आले नसते,” ती म्हणते.

सुटकेसवाला माणूस सापडला नाही. कंडक्टरनं डेपोत विचारलं, जुन्या सोबत्यांना भुवईवरचा व्रण सांगून ठेवला, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या कंडक्टरांनाही. दोघातिघांनी व्रणवाली माणसं शोधून दिली, पण त्यांतल्या कुणीच साबण घेतला नव्हता. त्या दोन वड्या कुठं गेल्या, कुणाच्या अंगाला लागल्या, ते कळायला मार्ग नाही.

परत आलेल्या वड्यांचा फळीवर ढीग झाला तेव्हा लिटमस यांनी कागदावर एक आकडेमोड करून दाखवली. दोन्ही घाणे किसून एकत्र शिजवले तर एकातलं जास्तीचं कॉस्टिक दुसऱ्यातल्या जास्तीच्या तेलाला बरोबर पुरेल. चांगला साबण होईल.

“होईल?”

“होईल. दोनदा मांडून बघितलंय.”

कंडक्टरनं कागद वाचला. “तुमचं गणित बरोबर असेल काका. पण तो मी विकणार नाही.”

“का?”

“ते गणितात नाही.”

लिटमस यांनी यावर विचार केला. त्यांना ते पटलं की नाही हे नेहमीप्रमाणे कळलं नाही. त्या वड्या तिनं किसून शिजवल्या आणि वर्षभर घराची फरशी त्याच साबणानं धुतली. बाजारात दीड महिना तिचं टेबल लागलं नाही. एक जग तिनं टाकून दिला आणि लाल रंगाचा नवा आणला. लिटमस यांनी दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या. लाल जगावर ‘खोबरेल’, पांढऱ्यावर ‘तीळ’, आणि दोन्हींवर खाली बारीक अक्षरात ‘फोन घेऊ नये’.

तेव्हापासून मंगळवारी ते तिच्या मागच्या खोलीत जातात. तयार होत आलेल्या प्रत्येक घाण्यातली एक वडी ती काढून देते, ते कीस काढतात, स्पिरिट गरम करतात, थेंब टाकतात आणि पाच मिनिटं नळीकडे बघत बसतात. रंग आला नाही तर वहीत तारीख आणि ‘ठीक’. ती म्हणाली होती, कागदावर छापते, तपासलेला साबण म्हणून, तुमच्या नावासकट. ते नको म्हणाले. तिनं जिभेचीही सवय सोडलेली नाही. आधी ती चाखते, मग ते थेंब टाकतात, आणि दोघांचं जमलं नाही असं आजवर एकदाच झालं. त्यात लिटमस यांचं स्पिरिट शिळं निघालं. ते तिनं महिनाभर ऐकवलं.

गोष्ट बाजारात पसरायला वेळ लागला नाही. काही गिऱ्हाइकं तुटली, काही टिकली. आणि एक दिवस नदीपलीकडच्या बाजारातलं एक तरुण जोडपं लिटमस यांच्या दारात उभं राहिलं. तेही घरी साबण करत, शेळीच्या दुधाचा. त्यांनी पिशवीतून चार वड्या काढल्या. त्याच बाजारातला एक म्हातारा मेणबत्तीवालाही साबण करू लागला होता. त्याची एक वडी त्यांनी सोबत आणली होती, तो संकोचानं आला नव्हता. लिटमस यांनी पाचही वड्या ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीपुढं चिठ्ठी ठेवली. चार नळ्या स्वच्छ राहिल्या. मेणबत्तीवाल्याच्या नळीला फिकट गुलाबी छटा आली.

“त्यांना सांगा, आणखी दोन आठवडे सुकू द्या. मग परत आणा. स्वतः या म्हणावं.”

“सांगतो,” मुलगा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. “काका, एवढे साबण तपासता. तुम्ही स्वतः कुठला वापरता?”

लिटमस नळ्या धूत होते. “बायको मोरीत ठेवते तो,” ते म्हणाले, आणि धुतलेली नळी उजेडाकडे धरून त्यांनी पाहिली.